साका बसला तरी वाढतेच

३ जुलै
तो याह्या माझ्या तासाला आलाच कशाला! डस्टर न्यायला म्हणे. आमच्या क्लासवर शिकवायला लागून महिना नाही झाला, आणि दारात उभं राहून माझं शिकवणं ऐकतो. फळ्यावर मी दोन द्रावणं घेतली होती — एकात कॅल्शियम, एकात कार्बोनेट. मिसळली की पांढरा साका बसतो. मोकळे फिरणारे आयन जाऊन घन झाला, म्हणजे एन्ट्रॉपी, कणांचा विस्कळीतपणा, घटणार. वर्षानुवर्षं हेच शिकवतेय. तर हा पोरांसमोर म्हणतो, "मॅडम, इथं वाढते. पाण्याचं धरलंच नाय तुम्ही."
पोरं हसली. पिशोरचं कालचं पोरगं मला केमिस्ट्री शिकवणार!

४ जुलै
तक्ता काढून आकडेमोड केली. वाढतेच. थोडीथोडकी नाही.


६ जुलै
संचालकांकडे गेले. दुसऱ्याच्या तासात तोंड घालतो, शिस्त नाही, असं सांगितलं. एन्ट्रॉपीचं काढलं नाही. ते म्हणाले, पालकांच्या कानावर जायच्या आत बघतो. संध्याकाळी याह्याला नारळ दिला. पिशवी घेऊन माझ्या समोरून गेला — वळूनही बघितलं नाही. मस्तवाल.
बरं वाटलं. वाटायला हवं होतं तेवढं नाही.

९ जुलै
सराव परीक्षेचा पेपर वर्गात सोडवून घेताना तसाच प्रश्न. सत्यमनं ताडकन उठून उत्तर दिलं — घटते. माझंच वाक्य, माझ्याच सुरात. हुशार पोरगं, आणि खऱ्या परीक्षेत हेच लिहून येणार.
फळा पुसला. सांगितलं — पाण्याचे रेणू आयनांना धरून अडकलेले असतात; साका बसला की ते सुटतात, मोकळे होतात. घन होऊन जे घटतं त्याहून हे जास्त. म्हणून वाढते. मी चुकीचं शिकवलं होतं.
"मग याह्या सर बरोबर होते?" सत्यम म्हणाला.
हो म्हणावं लागलं. तेवढ्यासाठीही त्या माणसाचा राग आला.

१२ जुलै
याह्याचा फोन. कन्नड गावी स्वतःचा क्लास काढतोय. तक्रार कुणी केली ते त्याला ठाऊक आहे. फळा पुसून चूक मान्य केल्याचंही पोरांनी कळवलंय.
"माफ नाय केलं तुम्हाला," म्हणाला. "पण शिकवायला या."
सोमवारी पहिल्या एसटीनं कन्नडला निघायचं.