हातात सुयाच दिसू द्या

अहो,

पहिल्या पाळीला निघाले. तुमचा आत्ता कुठं डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाय.

मोबाईलवर विणकामाचे फुकट नमुने लई आहेत, पण सोपे म्हणतात तेबी अवघडच निघतात. शेवटी एक सरळ मफलर सापडला, सगळा एकाच टाक्याचा. तो तुम्हाला पाठवलाय. लोकर आणि सुया उशाशी ठेवल्यात.

लोक हसतील म्हणता. मामंजी मेंढरांमागं चालता चालता टकळीवर लोकर कातायचे, त्यांना कोण हसलं?

दारू सोडल्यावर हात थरथरणारच, त्यांना काम द्या, असं डॉक्टर म्हणाले. टाके सुटले तर सुटू द्या. बन्सीभाऊ गुत्त्यावर न्यायला आले तर विणतोय म्हणून सांगा.

जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल करते. मफलर नाय वाढला तरी चालंल. हातात सुयाच दिसू द्या.