मशीनरूममधला वास

१६ जानेवारी २००७, मंगळवार

आज वास आला. अमोनियाचा. दोन नंबरच्या कंप्रेसरसमोर उभा होतो, गेज बघत. नाकात एकदम झणका बसला — आणि मान वळवेपर्यंत गेलाही.

भिंतीवरचा डिटेक्टर शून्य दाखवतो. लिटमसचा कागद ओला करून एकेका जॉइंटवर धरला. गळती असती तर निळा झाला असता; लाल तो लालच राहिला.

लायल तिथेच टेबलाशी बसून डोनट खात होता. लायल माझा बॉस. स्केटिंगचे बर्फाचे रिंक चालवण्यात उभा जन्म गेला त्याचा. म्हणाला, "मला नाही आला काही, प्रफ." प्रफुल्ल म्हणणं त्याला आठ वर्षांत जमलेलं नाही.

नसेल आला. पण अमोनिया मी ओळखतो.

१७ जानेवारी

काही नाही. बाहेर उणे वीस. मिनेसोटात याला ठीकठाक हवा म्हणतात.

१९ जानेवारी, शुक्रवार

परत आला. या वेळी वरती, स्केटिंगच्या ट्रॅकच्या कडेला. म्हणजे खालून वर पोचतोय.

हे वाईट आहे. आमची मशिनं मिठाचं पाणी गार करून बर्फाखालच्या पाइपांतून फिरवतात. अमोनिया फक्त खाली, मशीनरूममध्ये. तो वर येताच कामा नये. मशीनरूमचा जिना आणि प्रेक्षकांची बाकं यांच्यात एक दार आहे, बस. नऊ फेब्रुवारीपासून त्या बाकांवर हजारो माणसं बसणार. जागतिक स्केटिंग स्पर्धा, तीस देशांचे खेळाडू, टीव्हीवाले. वास थोडा असला तर डोळ्यांत पाणी येतं. जास्त असला तर फुफ्फुसं जळतात.

वास आला तेव्हा पोटातून काहीतरी सरसरत वर चढलं. आणि वाटलं, हे सगळं आधी घडलंय. हीच जागा, हाच उजेड, बर्फ घासणारं हेच मशीन, असंच वळलेलं.

मला माहीत आहे कशामुळे. शालिकमुळे.

२० जानेवारी, शनिवार

सुट्टी. शालिकबद्दल लिहूनच टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

नागपूरला कळमन्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये माझी पहिली नोकरी. मिरचीची पोती असायची. शालिक तिथला ऑपरेटर, माझ्याहून थोडा मोठा, दर दुपारी माझ्या डब्यातलं झुणका-भाकर हक्काने काढून घ्यायचा. एक दिवस व्हॉल्व्हचं पॅकिंग गेलं आणि अमोनिया सुटला. मी बाहेर ट्रकपाशी होतो. दारातून पांढरा ढग निघाला, आणि ढगातून शालिक — दोन्ही हात पुढे, डोळे घट्ट मिटलेले. माझं नाव घेत होता. आवाज फुटत नव्हता, ओठांवरून कळलं. वाचला नाही.

आदल्या आठवड्यात तो म्हणाला होता, "साहेब, थोडा वास येऊन राहिला." मालक म्हणाले होते, सीझन संपू दे.

२१ जानेवारी, रविवार

नागपूरला फोन. बाबांशी जय भीम, तब्येत, पेन्शन. मग आई. आई बोलता बोलता मध्येच ओरडायला लागली, "काऊन रे बाप्पा, चूप काऊन झाला? प्रफुल्ल!" मी तर ऐकतच होतो. कॉलिंग कार्ड बदलायला हवं. न्यू जर्सीच्या ओक ट्री रोडहून मित्राने, प्रदीपने पाठवलेली स्वस्तातली कार्डं ही अशीच.

२२ जानेवारी, सोमवार

लायलशी स्पष्ट बोललो. म्हटलं, अर्धा प्लांट बंद करून सगळे व्हॉल्व्ह उघडून बघू.

"शुक्रवारी टीम्स येतायत, प्रफ. प्लांट बंद केला की बर्फ मऊ होईल."

"होऊ दे."

तो म्हणाला, "तुझा डिटेक्टर शून्य. माझा शून्य. मी तिथेच बसतो दिवसभर, मला काही येत नाही. तुला नक्की येतो?"

"नक्की."

उठला. जाकीट काढलं. दुपारभर आम्ही दोघं गुडघ्यांवर — पॅकिंग, गास्केट, ड्रेन, सगळं. प्लांट चालू ठेवून जेवढं बघता येतं तेवढं बघितलं. साठीचा माणूस, कंबर धरून उठत होता. एक शब्द कुरकुरला नाही.

काही सापडलं नाही. हेच जास्त भीतीचं. सापडलेली गळती बंद करता येते.

२४ जानेवारी

बायकोने, सोनलने, माझा कामाचा शर्ट नाकाशी धरला. "कळमन्याला होतात तेव्हा बादलीतलं पाणीसुद्धा वास मारायचं," ती म्हणाली. "याला फक्त घामाचा येतो."

मी म्हटलं, कमी आहे म्हणून. वाढेल.

ती म्हणाली, "डॉक्टरला दाखवा एकदा. झोप नाही तुम्हाला. चेहरा बघा." ती फार्मसीत काम करते, तिला सगळीकडे पेशंट दिसतात. स्पर्धा संपली की जाईन म्हटलं.

२६ जानेवारी, शुक्रवार

टीम्स आल्या. डच लोक उंचच उंच. कोरियन पोरं आल्या आल्या बर्फावर हात फिरवून बघतात, आपल्याकडे बैल घेताना पाठीवरून फिरवतात तसा. एका कझाक मुलीच्या कोचने मला थांबवून अंगठा दाखवला — गुड आइस. ती मुलगी आमच्या लेकीहून, दीपाहून, दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. वळणावर इतकी झुकते की हात बर्फाला टेकतो. अंगाला पातळ कापड, पायाखाली पातळ पातं.

तिच्याकडे बघत असताना वास आला. जोरात.

मी कठडा धरून उभा राहिलो. आजूबाजूला सगळे तसेच. कुणी नाक मुरडलं नाही.

नाक मेलंय का सगळ्यांचं?

३० जानेवारी

घरी येताना हायवेवर एक्झिट चुकली. कधी मागे गेली कळलंच नाही. पुढच्या दोन एक्झिटही गेल्या होत्या. इतका विचार करतोय मी त्या प्लांटचा.

१ फेब्रुवारी

आता रोज येतो. कधी दोनदा.

लायलने त्याच्या पैशांनी हातात धरायचा नवीन डिटेक्टर आणला, खास माझ्यासाठी. तोही शून्य. मी तो डबा घेऊन भुतासारखा फिरतो. बाकीचे ऑपरेटर गप्प होतात मी आलो की.

सोनल म्हणाली, "ग्रीन कार्डचं शेवटच्या टप्प्यावर आहे. आता कंपनीशी भांडू नका." बरोबर आहे तिचं. मालक पण बरोबरच होते, सीझनचं होतं त्यांचं.

६ फेब्रुवारी, मंगळवार

अलार्म दाबला.

सकाळची प्रॅक्टिस. ट्रॅक भरलेला. मशीनरूममध्ये होतो. वास आला, गेलाच नाही. डोळ्यांसमोर पांढरं. मला शालिक दिसला असं लिहीत नाही, पण पांढरं दिसलं. मी पळत जिना चढलो आणि दाराशेजारचं लाल बटण दाबलं.

सगळे बाहेर. उणे अठरात, तसल्या कपड्यांत. कुणी एका पायात स्केट, एका पायात मोजा. ती कझाक मुलगी कोचच्या कोटात शिरून थरथरत होती. फायर ब्रिगेड आली. मास्क लावून आत गेले, मास्क काढून बाहेर आले. पुन्हा आत, पुन्हा बाहेर.

शून्य.

एका कोरियन पोराचा पाय पळताना मुरगळला. तो आता खेळू शकणार नाही म्हणे. चार वर्षं तयारी केली होती. तो रडत नव्हता. बर्फाच्या ढिगावर बसून नुसता पायाकडे बघत होता.

७ फेब्रुवारी

कंपनीने माझा बॅज काढून घेतला. स्पर्धा संपेपर्यंत यायचं नाही, नंतर बघू. "नंतर बघू" कसं बोलतात ते मला इथं येऊन चांगलं कळलंय.

लायल गाडीपर्यंत सोडायला आला. "घरी जा. झोप. बायकोचं ऐक." मी त्याचा हात धरला. म्हटलं, ते दार बंद ठेव, लायल. जिन्याचं दार. माणसं आली की कुणीतरी उघडं टाकेल. वचन दे.

"दिलं."

त्याचे डोळे भरले होते. थंडीने असतील.

८ फेब्रुवारी

बाबांना सांगितलं नाही. फोनवर ते म्हणाले, "तुझी स्पर्धा उद्या ना? इथं टीव्हीवर दाखवतील का?" सगळ्या कॉलनीला सांगून ठेवलंय त्यांनी — बर्फ आमच्या प्रफुल्लने केला.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

सुरू झाली. केबलवर दाखवतात. मी सोफ्यावर बसून स्केटर बघत नाही, मागची बाकं बघतो. कुणी डोळे चोळतंय का. कुणी उठतंय का. लहान पोरं आहेत पुढच्या रांगेत, चेहरे रंगवलेली.

लायलला सतत फोन केले. शेवटी त्याने उचलणं बंद केलं.

दीपा शाळेतून आली, माझ्या शेजारी बसली. "पप्पा, इट्स ओके. नथिंग इज हॅपनिंग." मी तिला म्हटलं, शालिकलाही तसंच वाटत होतं. तिला शालिक कोण ते माहीत नाही. उठून आईकडे गेली. दोघींचं हळू आवाजात बोलणं ऐकू येत होतं.

कझाक मुलगी सहावी आली.

१० फेब्रुवारी, शनिवार

सोनलने टीव्ही बंद केला. "चला, गाडीत बसा." मला बाहेर काढायचं होतं तिला. तिनेच ड्राइव्ह केलं, तासभर उत्तरेला. गोठलेलं मोठं तळं. चिटपाखरू नाही. नजर जाईल तिथवर स्नो, आणि समोरून येणारं वारं इतकं स्वच्छ की नाक दुखत होतं.

दीपा पुढे पळाली. आम्ही दोघं मागे चालत होतो. सोनल काहीतरी सांगत होती — उन्हाळ्यात नागपूरला जाऊ, असं काहीतरी.

आणि वास आला.

तिथे. तळ्याच्या मध्यावर. प्लांट शंभर किलोमीटर मागे, वारं समोरून. तोच झणका, पोटातलं तेच चढणं, हे आधी घडलंय. पूर्ण जोरात.

भानावर आलो तेव्हा सोनल माझे दोन्ही खांदे धरून हलवत होती. दीपा परत आली होती, तोंडावर हात ठेवून उभी. "किती वेळ हाक मारतेय मी," सोनल म्हणाली. "कुठे होतात?"

मी तिला विचारलं, तुला येतोय का वास?

तिने मान हलवली. नाही.

मग मीच म्हटलं, हॉस्पिटलला चल.

१२ फेब्रुवारी, सोमवार

स्कॅन झालं. उजव्या कानाच्या वर, मेंदूत, गाठ आहे. बऱ्याच दिवसांची असावी म्हणाले. वास तिचाच, आणि मध्येच भान हरपायचं तेही. गुरुवारी कवटी उघडणार. नागपूरला सोनल सांगेल.

लायलला मीच फोन केला. या वेळी त्याने उचलला. म्हटलं, दार उघडं ठेवलं तरी चालेल. प्लांट ठीक आहे.