होडीत अजून एक

बालीगंज, कोलकाता
१८ जानेवारी २०२५

ती. कुसुमताईस,
शि. सा. न. वि. वि.

पहिला अंक पोचला. पाकीट फोडल्यावर तुझं पत्र कुठं संपतं आणि नाटक कुठं सुरू होतं, हे कळायला मला आणि श्रीकांतना अर्धा तास लागला. होडीवाल्याच्या भाषणाच्या मधोमध तू चक्क माझ्या गुडघ्याची चौकशी केली आहेस! तेहेतीस वर्षं शाळेत नाटकं बसवलीस, पण कागद वाचवायची सवय काही सुटली नाही.

गोष्ट मुलांना फार आवडली. लहानशी होडी, आणि काठावर रोज अजून एक माणूस उभा; त्याला घ्यायचं की नाही यावर भांडण. सध्या नऊ मुलं आहेत, सगळी आपली मराठी. फोर्ट विल्यमहून नूपुर येते, तिचे वडील सैन्यात आहेत, होडीवाला तीच. अनिकेत आणि ऋषभ बँकवाल्यांची, बाकीची आयटीतल्यांची. दर शनिवारी चार वाजता आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये जमतो. शिकवणारे आम्ही सगळे बिनपगारी, आणि बरेचसे बिनअकलीही. श्रीकांत पडदा ओढतात, माझी मैत्रीण विनीता कपडे शिवते, आणि तिसऱ्या मजल्यावरचे सुमितबाबू पेटी वाजवतात. ते रेल्वेतून निवृत्त झालेत, मराठी त्यांना ओ की ठो कळत नाही.

नियम एकच, प्रत्येकानं अख्खं नाटक पाठ करायचं. इथल्या वडिलांना बदलीचा हुकूम कधी येईल याचा नेम नसतो. होडीवाला विशाखापट्टणमला गेला, तर काठावरच्या म्हातारीनं उठून वल्हं हातात घ्यायचं. ही मुलं एरवी हिंदी-इंग्रजी-बंगालीत वाढतात. शनिवारचे दोन तास तरी त्यांच्या तोंडात मराठी असावी, एवढ्यासाठीच हा उद्योग मांडला.

नोव्हेंबरात प्रयोग आहे. तू यायचंसच. लोभ असू दे, आणि अक्षर थोडं मोठं.

तुझी,
शकुन

मिरज
२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. शकुनला,
अ. आ.

दुसरा अंक सोबत आहे. ये म्हणतेस तर येईन, वैदेही आणून सोडेल.

खरं सांगू का, आता मला काहीच ऐकू येत नाही. ते कानातलं यंत्र नुसती शिट्टी मारतं, म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवून दिलंय. माणसं बोलतात आणि मी मान हलवते. परवा शेजारणीनं तिचे सासरे गेल्याचं सांगितलं, आणि मी वा वा म्हणाले. तेव्हापासून ती येत नाही. वैदेही घाईघाईनं बोलते, तिच्या ओठांवरून काही कळत नाही. घरात असून मी घरात नसते.

फक्त लिहिताना या होडीतल्या सगळ्यांचं बोलणं मला स्पष्ट ऐकू येतं. जन्मभर दुसऱ्यांची नाटकं बसवली. हे पहिलंच माझं, आणि शेवटचंही असेल. एकदा ते माझ्या शब्दांत झालेलं डोळ्यांनी बघायचंय. तेवढं कर, बाकी काही मागत नाही.

श्रीकांतरावांना नमस्कार. माया आहेच, ती कमी पडली तर कळव.

तुझी ताई

मिरज
२० जून २०२५

चि. सौ. शकुनला,
अ. आ.

तुझी तीन पत्रं आली आणि तिन्हींत एकच मागणं, होडीत अजून माणसं बसव. आधी नऊ होती, मग तेरा झाली, आता तेवीस! कोलकात्यात एवढे मराठी लोक कधी जमले? मी एक कोंबडीवाली, दोन चोर आणि एक अख्खं वऱ्हाड चढवलंय. आता होडी बुडाली तर पाप तुझ्या माथी.

आणि नूपुरचं कसं चाललंय? तिच्याविषयी तू हल्ली अक्षर लिहीत नाहीस. भांडली का ती तुझ्याशी? काहीतरी लपवते आहेस. लहानपणीही चोरून लोणचं खाल्लंस की असंच लांबलचक बोलायचीस.

रागावले तरी तुझीच,
ताई

बालीगंज, कोलकाता
९ जुलै २०२५

चि. वैदेहीस,
अनेक आशीर्वाद.

मुद्दाम तुझ्या कॉलेजच्या पत्त्यावर लिहिते आहे. मोबाईलवर काही पाठवलं तर तुझी आई खांद्यावरून वाचते, तूच सांगितलं होतंस.

माझं डोकं चालेनासं झालंय गं. नूपुर एप्रिलमध्ये पठाणकोटला गेली. अनिकेत भोपाळला. आयटीवाल्यांतले तिघं पुण्याला, दोघं बंगळुरूला. मराठी मुलं आता दोनच उरलीत, त्यातला ऋषभ महिन्यातून एकदा उगवतो. आणि मुलं आहेत तेवीस! ही कुठून आली ते मला नीट सांगता यायचं नाही. शेजारची पोरं हॉलच्या खिडकीत उभी राहून बघायची. उभ्या उभ्या त्यांचं पाठ झालं. नूपुर गेली त्या शनिवारी होडीवाला नव्हता, तर चौथ्या मजल्यावरची नऊ वर्षांची तितिर सरळ आत आली, वल्हं उचललं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. नियमच तसा होता ना, सगळ्यांनी सगळं पाठ करायचं. मग ती भावाला घेऊन आली, भाऊ मित्राला. मी कुणाला नाही म्हणायला हवं होतं, आणि का?

आता या नव्या मुलांतल्या एकालाही मराठी येत नाही. सुमितबाबूंना रेल्वेतल्या हिंदीमुळे देवनागरी वाचता येतं. त्यांनी बिचाऱ्यांनी ताईचे सगळे कागद बंगाली अक्षरांत उतरवून दिले, एक शब्द न गाळता. त्यामुळे तितिर भर भाषणात, कमरेवर हात ठेवून, शकुन, गुडघ्याला तेल लावतेस का, असं विचारते आणि पुढं बोलू लागते. ते वाक्य काढून पाहिलं. काढलं की तिला पुढचं काही आठवत नाही. शेवटी राहू दिलं.

विनीता म्हणते, सरळ बंगालीत करूया. प्रेक्षकही सगळे बंगालीच असणार. सुमितबाबू आठवड्यात भाषांतर करून देतो म्हणतात. त्यांचं चुकत नाही. पण ताईनं एकच गोष्ट मागितली आहे. मी काय करू?

तुझी मावशी

मिरज
२८ जुलै २०२५

ती. शकुनमावशीस,
सा. न.

बंगालीत कर. आईला ऐकू येत नाही, हे आपण दोघी सोडून तिथं कुणाला माहीतही नाही. तिला उड्या मारणारी मुलं दिसतील, होडी दिसेल, शेवटी टाळ्या दिसतील. ती खूश होईल. कोणती भाषा होती हे तिला कधी कळणार नाही, आणि मी सांगणार नाही.

हे लिहिताना मला लाज वाटते. पण रोज तिच्यासाठी प्रत्येक गोष्ट पाटीवर लिहून दाखवणारी मी आहे मावशी, आणि मी दमले आहे. एखादी गोष्ट सोपी होत असेल तर होऊ दे.

रागावू नकोस. प्रेम आहे तेवढं राहू दे.

वैदेही

बालीगंज, कोलकाता
१४ ऑक्टोबर २०२५

चि. वैदेहीस,
अ. आ.

तुझं ऐकायचं ठरवलं होतं. पूजेची सुटी संपल्यावर पहिल्याच शनिवारी मुलांना सांगितलं की आता बंगालीत करायचं. मला वाटलं नाचतील. तर तितिरनं मला विचारलं, लेखिका दिदा दोन दिवस गाडीत बसून येणार आहेत ना? (दिदा म्हणजे आजी.) नाटक बंगालीत केलं तर त्यांना कसं समजेल? बाकीच्यांनीही माना हलवल्या. एवढं पाठ केलंय ते दिदांसाठी, त्यांना कळायला नको का, असं म्हणाली सगळी.

दिदांना ऐकूच येत नाही, हे त्या तेवीस तोंडांकडे बघून मला सांगता आलं नाही.

तर नाटक मराठीतच होणार. करणाऱ्यांना ते समजत नाही, बघणाऱ्यांना समजणार नाही, आणि जिला समजलं असतं तिला ऐकू येत नाही. मग हे चाललंय कुणासाठी? श्रीकांतना विचारलं, तर ते म्हणाले, मी पडदा ओढतो, मला विचारू नकोस. रडू की हसू तेच कळत नाही बाई.

तिकिटं काढलीस का? मफलर आण.

मावशी

मिरज
१ डिसेंबर २०२५

चि. सौ. शकुनला,
अ. आ.

सुखरूप पोचलो. तिथं चार दिवस राहूनही मी नाटकाबद्दल काही बोलले नाही, म्हणून तू चेहरा पाडून बसली होतीस. बोलले असते तर तू उत्तर दिलं असतंस, आणि ते मला ऐकू आलं नसतं. म्हणून घरी येऊन लिहिते.

आधी रागाचं लिहून टाकते. तू माझ्यापासून लपवलंस, आणि वैदेहीनंही. तिनं काल पाटीवर सगळं लिहून दाखवलं आणि रडली. पण मला प्रयोगातच कळलं होतं. त्या चिमुरडीनं कमरेवर हात ठेवून, दीडशे माणसांसमोर, तुझ्या गुडघ्याची चौकशी केली, आणि कुणीही हसलं नाही. मी एकटीच हसले. तेव्हा उमगलं की या हॉलमध्ये मराठी समजणारी आपण मोजकीच डोकी आहोत.

मग मला रडू आलं, ते तू पाहिलंस आणि तुला वाटलं मला वाईट वाटलं. वेडी आहेस. ज्यांना भाषा येते ते अर्धे शब्द गिळतात, तुम्ही सगळे तसेच बोलता. या मुलांना अर्थ ठाऊक नाही, म्हणून त्यांनी एक अक्षर सोडलं नाही. प्रत्येक अक्षराला तोंड पूर्ण उघडत होती, आणि नजर माझ्यावर. पुढचा शब्द कोणता हे मला माहीत होतं, माझाच होता. तो त्यांच्या ओठांवर आला की मला कळायचा. चार वर्षांत पहिल्यांदा कुणी बोलत होतं आणि मी उगीच मान हलवत नव्हते. शकुन, सव्वा तास मला ऐकू येत होतं.

बंगालीत केलं असतंस, तर मी नुसत्या उड्या बघून टाळ्या वाजवल्या असत्या.

दुसरं नाटक लिहायला घेतलंय. सुमितबाबूंना सांग, याही वेळी एक शब्द गाळायचा नाही. ऋषभच्या आईला सांग, त्याला दर शनिवारी धाड. तितिरकडून मराठी शिकेल. आणि तितिरचं ते वाक्य कुणी काढायचं नाही, कारण जानेवारीपासून विचारते आहे, तू अजून उत्तर दिलेलं नाहीस. तेल लावतेस का?

उत्तराची वाट बघणारी,
तुझी ताई