या वेळी मी मरत नाही

गोरेगाव, मुंबई

प्रिय अक्का,

साष्टांग नमस्कार. बातमी आधीच सांगून टाकतो, पोटात राहायची नाही: या सिनेमात मी मरत नाही! सुरू होतो तेव्हा जिवंत, संपतो तेव्हाही जिवंत. चौतीस वर्षांत त्रेपन्न वेळा मेलो. गोळ्या खाल्ल्या, कड्यावरून पडलो, एकदा तर नवरदेवानं भर मांडवात मला उभा चिरला. आणि आता साठी उलटल्यावर जगायचं काम मिळालं. फोनच करणार होतो, पण तू फोनवर 'बरा शेस ना? मंग ठेव,' एवढंच बोलतेस, म्हणून कागद घेऊन बसलो. चष्मा लावून सावकाश वाच. कामिनीला वाचायला देऊ नकोस. सून गुणाची आहे, पण अर्धं गाळून वाचते, आणि यात गाळण्यासारखं काही नाही.

तंबू आठवतो ना? माझा पहिला सिनेमा पारोळ्याच्या जत्रेत आला, तेव्हा तू धरणगावची अख्खी गल्ली घेऊन गेलीस. तोतारामदाजींनी शेंगा घेतल्या. मी पडद्यावर दिसलो तशी तू शिट्टी मारलीस (दाजींनीच सांगितलं, नाही म्हणू नकोस) आणि पाचव्या मिनिटाला मला गोळी लागली. तू उभी राहून म्हणालीस, "मन्हा भाऊ मरी राहिना, अन् मी आठे शेंगा खाऊ?" आणि चालू लागलीस. गल्ली तुझ्यामागं. घरी जाऊन डोक्यावरून अंघोळही केलीस म्हणे. तेव्हापासून तुझा नेम ठरला, मी दिसलो की एकदा डोळे भरून बघायचं आणि उठायचं. पत्रकार विचारतात, घरच्यांना तुमचं कुठलं काम आवडतं. काय सांगू त्यांना, माझ्या बहिणीनं माझा एकही सिनेमा पुरा पाहिलेला नाही.

आणि गंमत म्हणजे मला या धंद्याला लावलंस तूच. चिंचा पाडायला तू दगड भिरकावलास, तो चिंचेला लागायचा सोडून माझ्या कपाळाला लागला. आई हळद दाबत बसली होती आणि तू आधी चिंचा वेचत होतीस. मुंबईत पहिल्या दिग्दर्शकानं ती खोक बघूनच मला रांगेतून बाहेर काढलं, रंगवलेली नाही ना म्हणून अंगठ्यानं घासून पाहिली. मग मी तोंड उघडलं आणि घोळ झाला. वाक्य होतं, 'साहेब, बाहेर पोलीस आहेत.' मी छाती पुढं काढून म्हणालो, 'साहेब, बाहेर पोलीस शेतस.' लाइटवालेसुद्धा खाली बसून हसले. वाक्य गेलं, हातात सुरा आला. तेव्हापासून मी गुरगुरतो, मारतो आणि मरतो, बोलत नाही. मध्ये एकदा एक वाक्य मिळालं होतं, त्याचं पुढं सांगतो.

आता ऐक. मोहिनी नावाची पोरगी आहे, धुळ्याचीच, तिशीचीही नसेल. सिनेमा तिनंच लिहिला आणि दिग्दर्शकही तीच. मला म्हणाली, काका, तुम्हाला मारायचं नाही, बोलायला लावायचंय. मी दोनदा विचारून घेतलं. सोनगीरला सव्वीस दिवस शूटिंग केलं. मी म्हातारा बाप, किल्ल्याखाली हायवेला माझी चहाची टपरी. मुलगा शहरात, येतो येतो म्हणतो आणि येत नाही. मुंबईची मंडळी भरीत खाऊन नाकं पुसायची आणि पुन्हा ताट पुढं करायची. शेवटच्या दृश्यात मुलगा येतो, फार उशिरा, आणि मान खाली घालून दारात उभा राहतो. कागदावर बापाचं वाक्य होतं, 'मी आहे ना.' मोहिनीनं विचारलं, काका, तुमच्या घरी कसं म्हणतील? अक्का, मला आठवावंही लागलं नाही. तुझं पहिलं बाळंतपण अडलं तेव्हा आबा दाराबाहेरून जे म्हणत राहिले, मी मॅट्रिकला दोनदा बसलो तेव्हा जे म्हणाले, तेच माझ्या तोंडून आलं. "मी शे ना." पोरगी 'कट' म्हणायला विसरली. ज्या 'शे'नं माझं तोंड बंद केलं, त्यावरच सिनेमा संपतो! मी टपरीमागं जाऊन नाचलो, गुडघे अजून बोलतात.

नाचून झाल्यावर मात्र रडलो. आबा गेले तेव्हा निरोप उशिरा मिळाला, असं मी तुला सांगितलं, आणि तू तीस वर्षं भाऊबंदांशी भांडून तेच सांगत आलीस. निरोप सकाळी आठलाच मिळाला होता, अक्का. त्या दिवशी मला, त्या पोलिसांच्या घोळानंतर पहिल्यांदाच, वाक्य होतं, मरता मरता म्हणायचं, एकच. एवढं उरकून निघू म्हणून थांबलो आणि दिवसाची गाडी गेली. तुम्ही दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत आबांना माझ्यासाठी ठेवलं. मी पोचलो तेव्हा माझ्या जागी चुलतभाऊ पंडितनं अग्नी दिला होता. ते वाक्य सिनेमात ठेवलंच नाही.

रविवारी अकराला धुळ्यात हा सिनेमा आपल्या माणसांना दाखवणार आहेत. तुझ्या हितेंद्रला गाडी काढायला सांगितलंय. ज्वारीच्या बिबड्या तळून घेऊन ये, मोहिनीला कबूल केल्यात. तुझ्या शेजारची खुर्ची माझी. या वेळी भावाचं मरण बघावं लागणार नाही. तरी मध्येच उठावंसं वाटलं तर ऊठ, ते पडद्यावरच्या माणसामुळं नसेल हे मला कळेल, आणि मी अडवणार नाही. पण जमलं तर शेवटपर्यंत बस. उशिरा आलेल्या पोराला आबा काय म्हणाले असते, ते मला एकट्याला ऐकवत नाही.

तुझाच, कपाळावर तुझी खूण घेऊन फिरणारा,
अभिमन