ईशान्येच्या खिडकीतलं घड्याळ

बाबा, तुमचं घड्याळ चुकलं. हे तुम्हाला सांगायचं मी बरेच दिवस टाळत होते, कारण तुम्ही पहिलं हेच विचारलं असतं की तिथलं काय हलवलंस, आणि त्याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आपल्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच, म्हणून काकांच्या दुकानात डाळ-तांदूळ घ्यायला येणाऱ्या अनोळखी लोकांनाही तुम्ही ते सांगायचात आणि मी पोत्यांच्या मागे लपायचे. आता मी औषधांच्या कारखान्यात तपासणीचं काम करते. वाळवंटातल्या या चँडलर गावातलं घर तेच आहे. आई माझ्याजवळच असते, म्हणजे खरं तर मीच अजून तिच्याजवळ आहे.

तुम्ही दुकानातून आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका टोकाला ते घड्याळ उघडून बसायचात आणि दुसऱ्या टोकाला मी अभ्यास करायचे. कोलोरॅडोतल्या केंद्रातून रेडिओवर वेळ येते, ती रात्री हे घड्याळ ऐकतं आणि आपले काटे आपणच लावून घेतं, हे तुम्ही मला पहिल्यांदा सांगितलंत तेव्हा मला ते खरं वाटलं नव्हतं. आपल्या घरात तर ते काहीच ऐकत नव्हतं. या भागातल्या घरांच्या भिंतींत गिलाव्याखाली तारेची जाळी असते, तिच्यातून सिग्नल नीट येत नाही, हे कळायलाच तुम्हाला सगळा हिवाळा लागला. तोवर ते हॉलमध्ये, बेडरूममध्ये, एकदा तर बाथरूममध्येही टांगून झालं होतं. शेवटी तुम्ही त्याच्या पोटातला सिग्नल पकडणारा बोटाएवढा रॉड काढून लांब रॉड आणलात. मला अजून दिसतं. तुम्ही रॉड फिरवताय, तांब्याची तार त्याच्यावर चढतेय आणि मी मोठ्याने वेढे मोजतेय. मध्येच माझं चुकतं. मी अंदाजाने पुढचा आकडा म्हणते. तुम्ही थांबता, माझ्याकडे बघता आणि सगळी तार उलगडायला लागता. "चुकलं तर चुकलं म्हणायचं," एवढंच म्हणता. कॉलेजात मी पुष्कळ शिकले, पण हे त्याच्या आधीचं आहे.

रॉड कोलोरॅडोच्या दिशेला आडवा ठेवायचा होता. ती दिशा होकायंत्राने काढली तर निघाली ईशान्य, म्हणजे नेमकी आईच्या देवघराची खिडकी. आई म्हणाली, "बघा, देवही तिकडेच आहेत." तुम्ही म्हणालात, "देवांचं मला माहीत नाही, टॉवर तिकडे आहे." मग देव थोडे डावीकडे सरकले, रॉड खिडकीत आला, वर घड्याळ टांगलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते बरोबर होतं. तुम्ही त्या दिवशी दुकानात उशिरा गेलात. पुढे एकदा पावसाळी हवेत ते भलतीच वेळ दाखवत होतं. मी शाळेच्या घाईत स्टुलावर चढून काटे हाताने फिरवले, तेव्हा तुम्ही रागावलात. आवाज चढवला नाहीत, पण रागावलात. म्हणालात, "त्याला काहीच ऐकू आलं नाही तर ते जुन्या हिशोबाने चालतं, थोडंसंच चुकतं. अर्धवट ऐकलं की भलतंच खरं मानून बसतं. अशा वेळी काटे नाही फिरवायचे. त्याला नीट ऐकू का येत नाही ते शोधायचं."

तुमच्यानंतर ते इतकी वर्षं चाललं. मी फक्त बॅटरी बदलत आले. आई त्याच्यावर औषधं घेते, त्याच्यावर कुकर लावते. मी मोबाइल दाखवला तरी म्हणते, "तुझं ते राहू दे, ह्यांचं काय म्हणतंय ते बघ."

या वसंतात आईने एकदा गॅसवर दूध ठेवलं आणि अंगणात जाऊन बसली. भांडं जळून काळं झालं, स्मोक अलार्म वाजला, शेजारचा माणूस धावत आला. मी फार घाबरले. माझं तुम्हाला माहीतच आहे, मी एका गोष्टीला घाबरले की दहा गोष्टी बंद करते. मी घरातली काडेपेटी उचलून ठेवली, निरांजन कपाटात टाकलं आणि देवांपुढे, तुमच्या फोटोपुढे विजेचा दिवा आणून लावला. आई त्याच्याकडे बघून म्हणाली, "हा दिवा आहे की दुकानाची पाटी?" पण तिने ऐकलं. मग जूनमध्ये एका सकाळी मंदिरातल्या काकूंचा मला ऑफिसात फोन आला. त्या दर आठवड्याला आईला गाडीतून मंदिरात नेतात. "अगं, तुझी आई दारात उन्हात उभी आहे. मी अजून आंघोळसुद्धा केली नाहीये. मला फोन करून विचारते, किती वाट बघायची म्हणून. हे नॉर्मल नाही गं." इथलं जूनचं ऊन तुम्हाला सांगायला नको. मी घरी आले तर आई लाल झालेली, पदराने वारा घेत बसलेली. म्हणाली, "घड्याळात वाजले होते गं." मी म्हटलं, "आई, तू नीट बघितलं नसशील." ती म्हणाली, "असेल. ह्यांचं घड्याळ काही चुकायचं नाही. माझंच डोकं."

बाबा, मी तेव्हा आईकडे बघत होते. वर घड्याळाकडे बघितलंच नाही. त्याच आठवड्यात मी विसराळूपणाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. आईने नुसती मान हलवली. त्या दिवसापासून ती प्रत्येक गोष्ट मला विचारून करायला लागली. मीठ घातलं का गं मी? आज वार कुठला गं?

मग एका शनिवारी मी देवघर पुसत होते आणि सहज वर बघितलं. घड्याळ तासाहून जास्त पुढे होतं. मी स्टूल घेतलं नाही. तुमचा खिशातला जुना रेडिओ शोधून काढला, दोन स्टेशनांच्या मधे लावला आणि खरखर कुठे वाढते ते ऐकत, घड्याळ घेऊन तुम्ही फिरायचात तशी खोल्याखोल्यांतून फिरले. फ्रिजपाशी थोडी खरखर, टीव्हीपाशी थोडी. देवघरापाशी गेले तर रेडिओ नुसता ओरडायला लागला. मी विजेच्या दिव्याचा अॅडाप्टर काढला. आवाज बंद. परत लावला. परत सुरू. असं मी किती वेळा केलं कोण जाणे. शेवटी आईच मागे येऊन उभी राहिली. "काय चाललंय? देवांना शॉक देतेस?"

मी तिला सगळं सांगितलं. रॉड खिडकीत, अॅडाप्टर त्याच्या खालीच, त्याची खरखर सिग्नलमध्ये मिसळते, घड्याळ अर्धवट ऐकतं. दिवा मी आणला होता. घड्याळ चुकत होतं, तू नाही. ती पाटावर बसली. तुमच्या फोटोकडे बघायला लागली. मला वाटलं रडेल. मग म्हणाली, "म्हणजे मी घड्याळ नीट वाचत होते."

"हो."

"आणि तू मला बोललीस."

"हो, आई."

"ह्यांनी तुला शिकवलं आणि तू माझ्यावर तपासणी लावलीस," ती म्हणाली आणि हसली. पण त्या हसण्यात थोडी धार होती, आणि ती मला लागावी असंच तिला वाटत असावं. "काडेपेटी दे माझी."

मी दिली. आता निरांजन लागतं आणि ते शांत होईपर्यंत मी तिथे बसते. आई म्हणते, "तू काय फायर ब्रिगेड आहेस?" पण मला जा म्हणत नाही. दिवा काढला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळ बरोबर होतं. आई कॉफी घेऊन त्याच्याखाली उभी राहिली आणि मला न विचारता काकूंना फोन करून म्हणाली, आज मी बरोबर वेळेवर दारात असेन, तुम्हीच उशीर करू नका.

हे सगळं तुम्ही समोर असतात तर कदाचित बोलले नसते. तुम्हीच शोधून काढलं असतंत आणि मी नुसते वेढे मोजले असते. पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिता आलं. फक्त एक राहिलं. दूध गॅसवर राहिलं होतं, ते घड्याळामुळे नव्हतं. त्याच शनिवारी आईने मला विचारलं, "ती डॉक्टरची भानगड आता नाही ना?" मी म्हटलं, "नाही, कॅन्सल केली." अजून केलेली नाही.