नववे पाऊल

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, व्यवसाय चित्रपटांतील पावलांचे आवाज करणे (आता निवृत्त), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने आणि कोणाचाही दबाव नसताना लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. प्रकृती स्वस्थ असल्याचा दाखला मात्र त्यांना देता येईना, कारण नाडी बघून होईपर्यंत मी तीनदा खुर्चीतून उठले. पायाला भिंगरी लागली आहे. ती का लागली, हे कलम सातमध्ये येईल. याआधीची तिन्ही मृत्युपत्रे, जी मी याच महिन्यात लिहिली, रद्द समजावीत.

माझा धंदा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी खुलासा. जुन्या चित्रपटात नायिका जिना उतरते तेव्हा ऐकू येणारी पावले तिची नसतात. बंद खोलीत, पडद्यावर तिच्या पायांकडे बघत, माझ्यासारखी कोणी तरी फळीवर नाहीतर वाळूच्या खोक्यात चालत असते. मी एकोणतीस वर्षे चालले. पहिली सात वर्षे नायकांची पावले डावखुऱ्यांची होती. डावखुरे म्हणजे माझे सहकारी. डाव्या हाताने लिहीत, म्हणून आमच्या ध्वनिमुद्रकाने ते नाव ठेवले आणि तेच चिकटले.

कलम एक. राहते घर माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला, जी सहा वर्षे माझ्याजवळ राहते आणि माझी कटकट सोसते. अट एकच. पुढच्या खोलीतल्या लाकडी फळ्यांवर गालिचा घालायचा नाही. तिसरी फळी करकरते, तिला तेल देऊ नये. ती करकर अकरा चित्रपटांत आहे.

कलम दोन. बँकेत जे असेल ते भाचीचेच. त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

कलम तीन. बायकांच्या चपला आणि बूट, एकूण एक्केचाळीस जोड, नाट्यशाळेला द्यावेत. सगळे सात नंबरचे आहेत. ज्या नायिकांच्या नाजूक पावलांवर लोकांनी जीव ओवाळून टाकला, त्यांचा नंबर चार असायचा. बर्फावर चालण्याच्या आवाजासाठी वापरलेली मिठाची पिशवी आणि गवतासाठी जुन्या ध्वनिफितींचा गुंताही सोबत द्यावा. पडद्यावरचा मुका मी स्वतःच्या मनगटावर घेत असे. ते मनगट देता येत नाही.

कलम चार. चौकटीत बसवलेले सुटे दार, पाच कड्या-कुलपांसह, ते बनवणाऱ्या सुतारमामांना. सव्वीस नायकांनी हे दार आपटून घर सोडले आणि शेवटच्या रिळात याच दारातून परत आले. मामा मला म्हणाले होते, "ताई, आपटा बिनधास्त. बिजागरी तुटेल, पण लाकूड तोंड उघडणार नाही." त्यांनी शब्द पाळला.

कलम पाच. जी नायिका मुलाखतीत सांगत असे की "माझी चाल हीच माझी ओळख", तिला माझ्याकडून काहीही नाही. एका समारंभात तिने माझ्या पायावर पाय दिला आणि "सॉरी हं, मावशी" म्हणाली. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते.

कलम सहा. माझ्या यजमानांचे मनगटी घड्याळ धाकट्या दिरांना. यजमान पाणीपुरवठा खात्यात कारकून होते आणि भले गृहस्थ होते. त्यांना चित्रपट आवडत नसत. "दोघांना एकमेकांशी बोलायचं असेल तर बोलावं, मध्ये चाळीस व्हायोलिनं कशाला?" असे म्हणत. घरात ते अनवाणी इतके हळू चालत, की कधी मागे येऊन उभे राहत ते कळत नसे. मी दचकायचे आणि मग चिडायचे. त्यांना जाऊन अकरा वर्षे झाली, तरी अधूनमधून मी मागे वळून बघते. या मृत्युपत्रात पुढे जे येते आहे, त्याने त्यांचे काही कमी होत नाही.

कलम सात. दोन महिन्यांपूर्वी भाचीने आमचे जुने चित्रपट कुठून तरी मिळवले. रविवारी दुपारी आम्ही बघत बसतो. म्हणजे ती बसते.

"मावशी, पिक्चर बघतेस की फेऱ्या मारतेस?"

"अगं, पाय ऐकत नाहीत."

तरुणपणी मला हे प्रेमपट निव्वळ खुळचट वाटत. बागेतून गात पळायचे, पावसात भिजायचे, आणि साधे "थांब" म्हणायला तीन तास लावायचे. आता बघताना लक्षात येते की तोंडे खोटी होती, पण पाय खरे होते. ती खिडकीशी उभी राहून "जा, मला तुझी गरज नाही" म्हणते, आणि खाली तिची टाच फळीवरून अर्धा इंच सरकते. ते मला कोणी सांगितले नव्हते. माझ्या हातून, म्हणजे पायातून, ते आपोआप होत असे.

त्यात तो स्टेशनवरचा चित्रपट आला. शेवटचे दृश्य असे, की नायिका फलाटावर उभी राहते, नायक तिच्याकडे पाठ करून आठ पावले चालतो, थांबतो, वळत नाही, आणि चित्रपट संपतो. त्या दृश्याचे आवाज आम्ही केले त्या दिवशी दुपारी चहा पिताना मी डावखुऱ्यांना सांगितले होते, की माझे लग्न ठरले. ते म्हणाले, "बरं झालं." मग कप विसळून जागेवर ठेवला. माझाही विसळला.

मी माइकजवळ उभी होते, कारण नायिका जागची हलत नव्हती. डावखुरे माइकपासून दूर चालत गेले. आठ पावले झाली, आणि नववे वाजले. ध्वनिमुद्रक ओरडला, पण प्रत संध्याकाळी जायची होती, म्हणून "राहू दे, कोण मोजतंय!" म्हणाला. मी हसत म्हटले, "डावखुरे, आठपर्यंत मोजता येत नाही का?" त्यांनी तपकिरी बूट काढून फळीवर ठेवले. "चुकलं," एवढेच म्हणाले. मी लग्नाची रजा संपवून महिन्याने परत आले तेव्हा त्यांनी दुसरीकडे काम धरले होते. बूट तिथेच होते. ते मी घरी आणले. यजमानांना सांगितले की कामाचे आहेत.

शेचाळीस वर्षे मी ती चूक समजत होते. या खेपेला कानाला यंत्र लावून ते दृश्य ऐकले. आठ पावले एकेक करत लहान होत जातात, आणि नववे मोठे आहे. दूर जाणाऱ्याचे पाऊल मोठे होत नाही. मोठे व्हायला तो वळलेला असावा लागतो. डावखुरे वळले होते आणि माझ्या दिशेने एक पाऊल आले होते. मी पाहिले नाही, कारण माझे डोळे पडद्यावर होते. आमच्या कामात चालताना एकमेकांकडे बघायचे नसते. आठपर्यंत मोजता येत नाही का, असे मी त्यांना विचारले. मला लाज वाटते.

वरातीमागून घोडे, हे मला कळते. तरीही: तपकिरी बूट, जे मी दर महिन्याला पॉलिश केले, डावखुऱ्यांना द्यावेत, आणि सोबत तो चित्रपट. भाचीने त्यांचा पत्ता शोधला आहे. बसने चार तास. ते एकोणऐंशीचे आहेत, मुलाकडे राहतात.

कलम आठ. वरील कलम सात लिहून झाल्यावर मी भाचीकडून तिथे फोन लावून घेतला. त्यांची सून बोलली. "बाबांना फोनवर काही ऐकू येत नाही हो आता. डावा कान तर गेलाच. उजव्याने थोडं येतं, तेही फार दिवस राहणार नाही म्हणतात."

मी वकिलांना विचारले, बूट लवकर पोचवता येतील का. ते म्हणाले, "आजी, हे मृत्युपत्र आहे. तुम्ही गेल्याशिवाय यातून कुणाला काही मिळत नाही."

म्हणजे मी सावकाश मरायचे, आणि तोवर त्यांचा तो कानही जायचा. हे मला मान्य नाही. सबब कलम सात रद्द. त्या वस्तू आता माझ्या मिळकतीत धरू नयेत. त्या मी आज दोनच्या बसने स्वतः नेऊन देणार आहे. भाची म्हणाली, "आणि त्यांना ते पाऊल ऐकूच आलं नाही तर?" तर मी त्यांच्यासमोर उभी राहीन आणि त्यांच्या दिशेने एक पाऊल टाकेन. ते दिसते.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले, समजून घेतले आणि सही केली.

ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल, राहते घर.
दिनांक: चौदा मार्च, दुपारचा एक वाजून दहा मिनिटे.

साक्षीदार पहिल्या: डॉक्टर, वरचा मजला.
साक्षीदार दुसरे: बूट शिवणारे, कोपऱ्यावरचे दुकान.

लिहून देणारीने आम्हा दोघांसमोर सही केली. बसा म्हटले तरी बसल्या नाहीत. सही उभ्याने केली, पायात बाहेर जायच्या चपला होत्या आणि काखेत बुटांचे खोके होते.