प्रोमोतली सावली

माय, तू असतीस तर हे तोंडानं सांगितलं असतं आणि तू भाकरी थापता थापता ऐकलं असतंस. रोज संध्याकाळी टीव्हीवर एक मालिका लागते. एका माणसाची पहिली बायको विहिरीत पडून मेली, त्यानं दुसरी केली, आणि आता पहिली भूत होऊन त्याच घरात फिरायलीय. आधी ती दुसरीला नुसती घाबरवायची. मग बघणाऱ्यांना ती इतकी आवडली की लिहिणाऱ्यांनी कथाच वळवली. नवरा आता भुताच्या प्रेमात पडत चाललाय आणि जिनं त्याचं आजारपण काढलं ती दुसरी सगळ्यांना नकोशी झालीय. या मालिकेचा फोनवर एक ग्रुप आहे, त्यात मीही आहे. पुढं काय होणार यावर तिथं दिवसभर तर्क चालतात. दुसरीचं काम करणाऱ्या नटीनं परवा भरलेल्या बॅगेचा फोटो टाकला, तर लगेच ‘चोर चालली’ म्हणून लोकांनी पेढ्यांची चित्रं पाठवली. चोर म्हणतात तिला. पहिलीची जागा चोरली म्हणून.

पन्नाशीचा माणूस यावर भांडतो म्हणून तुझी सून हसते. “जेवा आता. ती काय तुमच्या मावशीची लेक हाय का?” हसू दे. सातवीत शाळा सुटली, परभणीत रिक्षाच्या सीटा शिवायला मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, नुसतं बघून शिकलो. जे बघतो ते नीट बघतो. आणि दुसरी बायको म्हणजे काय, हे त्या ग्रुपात माझ्याइतकं कुणी बघितलेलं नाही.

तुला बिजवराला दिली होती, बापूंची पहिली बायको वारल्यावर. त्या थोरलीच्या नावाचा चांदीचा टाक, नखाएवढा, तुझ्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात. मी लहान आहे, तुझ्या मांडीवर बसून तो ओढतोय आणि विचारतोय, हा पत्रा कशाचा? तू फाडकन एक ठेवून देतेस. “मायला पत्रा म्हणतोस?” तेव्हा कळलं की आपल्याला दोन माया आहेत, एक चुलीपुढं आणि एक तिच्या गळ्यात. सणाला पहिला घास तू तिच्या नावानं काढायचीस. बापू चिडले की भांडण त्यांच्याशी करायचीच नाहीस, टाक चिमटीत धरून म्हणायचीस, “बघा बाई, तुमचा नवरा काय बोलायलाय.” दोघींपुढं बापूंचं काय चालणार?

आत्या झरीहून आली की मात्र ताटावर बसल्या बसल्या सुरू. “थोरलीच्या हाताची चव न्हाई बाई कशाला.” एकदा तू वाढता वाढता थांबलीस. “थोरल्या बाई असत्या तर मी कशाला आले असते, वन्सं? तुमीच बघून आणलंत की मला.” आणि तिच्या ताटात आणखी एक पळी वरण ओतलंस. आत्यानं तेही संपवलं. ग्रुपातल्या लोकांना मी तेच विचारतो. दुसरी भिंत फोडून आत आली का? तिला लग्न करूनच आणलं ना?

गेल्या आठवड्यात प्रोमो आला. नवरा विहिरीपाशी पहिलीच्या साडीतल्या बाईला मिठी मारतो. ग्रुप नुसता नाचायला लागला. मी तो थांबवून थांबवून बघितला. बाईची सावली काठावर पडलेली. भुताला सावली नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच दाखवलंय. म्हणजे ती दुसरीच आहे, पहिलीची साडी नेसलेली. मी तसं ठामपणे लिहिलं. राणीसावरगावची एक पोरगी ग्रुप चालवते, तिनं लिहिलं, “काका, तुम्ही सीटा शिवा.” शुक्रवारी भाग लागला. ती पहिलीच होती. दिवे लावणाऱ्याचा गलथानपणा, दुसरं काय. तेव्हापासून तिथं मला ‘सावलीवाले काका’ म्हणायलेत. म्हणू देत. सावली पडली होती, चूक त्यांची आहे, आणि दुसरीला चोर म्हणणाऱ्याला मी उत्तर देणार. काढून टाकलं तर दुसऱ्या ग्रुपात जाऊन देणार.

खरं तर हे त्या पोरीलाच लिहायला घेतलं होतं. दोन ओळी खोडल्या आणि तुझ्याकडं वळलो. आता तिलाही पाठवणार नाही. कारण पुढचं तिनं वाचलं तर माझी सगळी बाजूच गेली. घरात थोरलीचा एक फोटोसुद्धा नव्हता, माय. नुसता टाक, त्यावर नाक ना डोळे. मालिकेतली पहिली पडद्यावर आली, ओल्या केसांची, उंबऱ्याबाहेर थांबून आत बघणारी, की थोरलीच आल्यागत मी रिमोट घेतो आणि आवाज वाढवतो. तेवढा वेळ मला तुझी बाजू आठवत नाही.